ट्रेलरला आर्थ नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

बोर्डांचं दुकान बंद होऊन आज महिना झाला. मालकाने छपाईचं यंत्र आणलं आणि आम्हा तिघा पेंटरांना चहा पाजून निरोप दिला. त्या यंत्रावर छापलेला पहिला फलक आज चौकात बघितला : ‘सर्व प्रकारच्या चाव्या बनवुन मिळतील’. बनवुन! आठ फूट लांब चूक, आणि तिच्याखाली उभे राहून लोक खुशाल चाव्या बनवून घेत होते. मी नववीत शाळा सोडली, पण सहा वर्षांत माझ्या ब्रशातून एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. शाळा पूर्ण करणाऱ्यांनीच भाषेची वाट लावली आहे.

सध्या ताईकडे मागच्या खोलीत राहतो आणि भावोजींच्या हाताखाली काम करतो. भावोजींनी बसवरची ड्रायव्हरकी सोडून मालवाहतूक सुरू केली आहे. एक जुनी पिकअप आणि तिच्यामागे जोडायला दोनचाकी ट्रेलर. तो एका रोपवाटिकेमागे गंजत पडला होता, तिथून उचलून आणला. फर्निचरच्या कारखान्याचा मालक म्हणाला, महिनाभर माल न मोडता आणि पोलिसांची कटकट न होता पोचवून दाखवा, मग सगळी कपाटं-पलंग तुम्हीच न्यायचे. हे ऐकून मी निघण्याआधीच्या तपासणीची यादी करायला बसलो. भावोजी याद्या करत नाहीत, पोटात दुसऱ्या वाढपासाठी जागा तेवढी राखून ठेवतात.

भावोजी म्हणजे ढिलाईचा पुतळा. कारखान्याच्या मालकाला भेटायला गेले ते एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात ताईची चप्पल घालून. मालक हसला म्हणे. मी असतो तर काम नाकारलं असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ट्रेलर रंगवून झाला. तीन दिवस लागले. तारेच्या ब्रशाने सगळा गंज काढला, रेड ऑक्साइड मारलं, वर निळ्या एनॅमलचे तीन हात. प्रत्येक बोल्ट काढून त्याच्या खालूनसुद्धा. दिवे काढले नाहीत, त्यांच्याभोवती कागद चिकटवून रंग दिला. एक ओघळ नाही.

भावोजी चहाचा कप घेऊन बघायला आले. “पंडित, बोल्टांच्या खालून पण?”

मी अक्षरं सुधारतो म्हणून ते मला पंडित म्हणतात. त्यांना वाटतं, ही थट्टा आहे.

“गंज आधी तिथेच धरतो, भावोजी.”

“अरे, आपल्याला त्यातून कपाटं न्यायची आहेत. त्याचं लग्न नाही लावायचं.”

ट्रेलरच्या प्लगमधून पाच वायरी निघतात. पिवळी डाव्या इंडिकेटरला, हिरवी उजव्याला, तांबडी ब्रेकच्या दिव्यांना, तपकिरी मागच्या दिव्यांना. पांढरी मात्र कुठल्याच दिव्याला जात नाही. तिच्या टोकाला पितळी कडं आहे आणि ते नुसतं लोखंडी सांगाड्याला बोल्टने आवळलेलं. उरलेली वायर खुंटीला अडकवावी, तशी कुणीतरी अडकवून टाकलेली दिसते. सगळ्यात जास्त गंज तिच्याच खाली होता. घासून काढला, तिथेही रंगाचे तीन हात दिले, कड्यालाही दिला आणि वाळल्यावर जिथल्या तिथे आवळलं. बिनकामाची वस्तू असली तरी नीट असावी.

८ फेब्रुवारी, शनिवार

माल बांधायचे बेल्ट आले. रुंद, नारिंगी, खटक्याचे. खटका मागेपुढे केला की बेल्ट आवळत जातो. मी रिकामं कपाट ठेवून सराव केला. बेल्ट कुठेही दुमडू नये, कपाटाच्या कडेवर जाड पुठ्ठ्याचा कोपरा असावा, उरलेलं टोक गुंडाळून खोचावं. माझं बांधणं बघून एखाद्याने त्यावर ‘नमुना’ असं लेबल चिकटवावं.

भावोजींनी माझा बेल्ट सोडला आणि पुन्हा लावताना मध्येच त्याला एक पीळ दिला. मला वाटलं, चुकून झालं. मी सरळ केला. त्यांनी पुन्हा पीळ दिला.

“तुम्हाला दिसत नाहीये का? वाकडा झालाय.”

“असू दे की. एक पीळ बरा असतो.”

कशाला बरा असतो, ते विचारलं तर म्हणाले, “असतो बरा. आमचा जुना क्लीनर द्यायचा.” म्हणजे कोण कुठला क्लीनर गबाळा होता, म्हणून आपणही गबाळं राहायचं. ते आत गेल्यावर सगळे पीळ काढले.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिली खेप. चार कपाटं, एक टेबल. निघण्याआधी मी यादी वाचून खुणा केल्या : ट्रेलर ज्यावर टेकतो तो पिकअपमागचा लोखंडी गोळा ग्रीस केला, हुकाची खीळ लावली, साखळी लावली, प्लग बसवला, ब्रेक, इंडिकेटर, मागचे दिवे. सगळं चालू. भावोजी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसले होते.

हमरस्त्याला लागल्यावर मागून भुंग्यासारखा आवाज सुरू झाला, घूंऽऽ. वेग वाढला की मोठा व्हायचा. अर्ध्या तासाने भावोजींनी गाडी बाजूला घेतली. वाऱ्याने बेल्ट सारखा थरथरून सैल झाला होता आणि एक कपाट चार बोटं सरकलं होतं. भावोजी खाली उतरले. बेल्ट आवळले, प्रत्येकाला एकेक पीळ दिला आणि गाडी सुरू केली. मग आवाज आला नाही.

वारा पडला असावा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सिग्नलला आमच्यामागे थांबलेला दूधगाडीवाला खाली उतरून भावोजींच्या खिडकीशी आला.

“ओ काका, वळताय की थांबताय? तुम्ही ब्रेक मारला की तुमचा इंडिकेटर लागतो, इंडिकेटर लावला की सगळंच मिणमिणतं. दुकान सजवलंय की काय?”

उतरून बघितलं, भावोजींना ब्रेक दाबायला लावला. लख्ख लाल. इंडिकेटर व्यवस्थित. दूधगाडीवाल्याकडे मी असं बघितलं की तो निमूट गाडीत जाऊन बसला. लोकांना सकाळी उठून काहीतरी शोध लावायचा असतो.

तरी परत आल्यावर सगळे बल्ब बदलले. धोका नको. पुन्हा यादीप्रमाणे तपासलं. सगळं चालू.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भावोजींनी मला न विचारता वायरमनला बोलावलं. हा गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. तोंडात कायम काडी. बोलला तरी काडीच हलते, शब्द बाहेर पडत नाहीत. मी खिळे आणायला गेलो होतो, तेवढ्यात तो येऊन गेला. ताई कपडे वाळत घालत होती, तिच्याकडे एक चिठ्ठी ठेवून गेला. चिठ्ठी जशीच्या तशी :

‘ट्रेलरला आर्थ नाही. आदी आर्थ करा, नायतर लाईट आसेच वेड्यासारके वागनार.’

अकरा शब्द आणि चुका किती! मी लाल पेन्सिल घेतली. ‘आदी’चं ‘आधी’, ‘नायतर’चं ‘नाहीतर’, ‘आसेच’चं ‘असेच’, ‘वेड्यासारके’चं ‘वेड्यासारखे’, ‘वागनार’चं ‘वागणार’. ‘आर्थ’ दोनदा लिहिलंय, त्याचं दोन्हीकडे ‘अर्थ’ केलं. सुधारून वाचलं तेव्हा त्याचा उद्धटपणा पूर्ण कळला. ट्रेलरला अर्थ नाही! तीन दिवस खपून मी रंगवलेल्या वस्तूला हा काडीखाऊ म्हणतो की हिला काही अर्थ नाही. आणि वर सल्ला, आधी अर्थ करा. स्वतःला ‘आधी’ लिहिता येत नाही आणि चाललाय लोकांना अर्थ सांगायला.

चिठ्ठी या वहीत ठेवली आहे. माणसाच्या लायकीचा पुरावा असू द्यावा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भावोजींनी विचारलं, “काय म्हणाला रे वायरमन?”

“म्हणाला, ट्रेलर भंगार आहे.”

भावोजींचा चेहरा पडला. “असं म्हणाला? तो कधी असं बोलत नाही.”

“लिहूनच गेलाय. पुन्हा बोलावू नका त्याला.”

“बरं बाबा. दिव्यांकडे मग तूच बघ.”

मी बघतोच आहे. रोज बघतो. उभ्या गाडीत ट्रेलरचे सगळे दिवे लागतात. चालत्या गाडीत मागे धावत जाऊन बघायचं काय?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अपघात झाला. क्रमाने लिहितो.

संध्याकाळी पलंग पोचवून परत येत होतो. ट्रेलर रिकामा, खड्ड्यांवर खडखडत होता. वळणावर एक म्हातारे गृहस्थ रस्त्यात आले म्हणून भावोजींनी ब्रेक मारला. मागून स्कूटर येऊन ट्रेलरवर आदळली. स्कूटरवर एक बाई होती, दवाखान्यात नर्स आहे. ती बाजूला पडली. हेल्मेट होतं. डावं मनगट मोडलं. ती रस्त्यावर बसून स्वतःच स्वतःच्या हाताला ओढणीने झोळी बांधत होती आणि एकच म्हणत होती, “लाल दिवा लागलाच नाही हो. लागलाच नाही.”

मागून ठोकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. अंतर ठेवायचं नाही आणि दुसऱ्याचे दिवे मोजायचे.

पोलीस आले. त्यांनी ब्रेक दाबायला लावला. दोन्ही दिवे लख्ख. मी त्यांना यादी दाखवायला खिशात हात घातला, तर भावोजींनी माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाले, “साहेब, प्लग लावायचा राहिला होता. आत्ता, तुम्ही यायच्या आधी लावला. चूक माझी.”

धडधडीत खोटं. प्लग मी लावला होता. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. यादीत खूण आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भावोजींचं लायसन्स वाहतूक खात्याच्या कचेरीत जमा झालं. सोमवारी साहेब निकाल देणार. प्लग न लावता गाडी चालवली म्हणून तीन महिने बंद होईल, असं तिथला कारकून सांगत होता. तीन महिने ड्रायव्हर नाही म्हणजे कारखान्याचं काम गेलं, गाडी उभी, ट्रेलर उभा. मला गाडी चालवता येत नाही.

घरी भावोजींना स्पष्ट विचारलं, खोटं का बोललात. म्हणाले, “डोक्याला ताप नको.”

दारामागून ताई आणि त्यांचं बोलणं ऐकू आलं. ताई म्हणत होती, “त्याला सांगा तरी.” आणि भावोजी म्हणाले, “नको. त्याचं नाव कुठे यायला नको. दुकान सुटल्यापासून तो भिंतीला धरून चालतोय. ट्रेलरने सरळ उभा राहिलाय जरा. आता ट्रेलरच वाईट आहे, असं कसं सांगायचं त्याला?”

मी कुठल्याही भिंतीला धरलेलं नाही. आणि ट्रेलरमध्ये काहीही वाईट नाही. घाबरट माणूस, पोलीस दिसला की कबुली देऊन मोकळा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भावोजी रोज शेजाऱ्यांच्या गाडीतून नर्सबाईंना दवाखान्यात न्यायला लावतात. आज सोबतीला मला पाठवलं. शेजारी गाडी लावत होते, तेव्हा व्हरांड्यात आम्ही दोघंच. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. त्याच म्हणाल्या,

“तुमच्या भावोजींनी प्लग विसरला म्हणून सांगितलं ना?”

“हो.”

“मग तुमचा डावा इंडिकेटर कसा काय लागला?”

“कधी?”

“मी आदळायच्या आधी. लाल नाही लागला, डावा पिवळा मात्र लुकलुकला, मिणमिण मिणमिण. मला वाटलं तुम्ही वळताय. म्हणून मी उजवीकडून काढायला गेले.” मग प्लास्टरकडे बघत म्हणाल्या, “इंजेक्शन देते हो मी दिवसभर. एका हाताने नाही देता येत.”

दूधगाडीवाला हेच म्हणाला होता. शब्द वेगळे, गोष्ट तीच.

परत येऊन जेवलो नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ताई इस्त्री करत होती. एकदम “आई गं” म्हणून तिने हात झटकला.

“काय झालं?”

“झटका बसतोय बारीक. या सॉकेटला आर्थ नाहीये वाटतं.”

सवयीने मी म्हटलं, “अर्थ.”

“अर्थ नाही रे शहाण्या, आर्थ. ही तिसरी पिन असते ना, जाड, तिची वायर. ती तुटली की वीज भलतीकडेच जाते. शाळेत शिकवलं नव्हतं का?” मग तिच्या लक्षात आलं. “नसेल. ते दहावीला होतं.”

मी मागच्या खोलीत आलो. वही उघडली. चिठ्ठीतल्या ‘आर्थ’चा काना लाल रेघेने खोडलेला होता, दोन्ही जागी. माझ्याच पेन्सिलीने. त्याच्या सगळ्या चुकांमध्ये एकच शब्द बरोबर होता आणि तोही मी सुधारला.

पाना घेऊन ट्रेलरकडे गेलो. कुठल्याच दिव्याला न जाणारी पांढरी वायर, तीच आर्थ; तिचा बोल्ट काढला. कड्याखाली माझे तीन हात, काचेसारखे गुळगुळीत. पॉलिश पेपरने घासलं. आधी निळा गेला, मग तांबडं रेड ऑक्साइड, मग चकचकीत लोखंड निघालं. कड्यावरचा रंग काढला. आवळलं. ताईला गाडीत बसवून ब्रेक दाबायला लावला, आणि ट्रेलर हुकावरून काढून, फक्त प्लग जोडलेला ठेवून बघितलं. लख्ख लाल. मग पुन्हा बोल्ट सैल करून मध्ये कागद घातला. लाल विझला. कागद काढला, लागला.

म्हणजे पांढऱ्या वायरीची वाट रंगाने अडली होती आणि इतके दिवस ट्रेलरच्या दिव्यांची वीज नुसत्या गोळ्यावरून परत जात होती. गाडी उभी असली की टेकलेलं असायचं. रिकामा ट्रेलर उडायला लागला की सुटायचं. आणि त्याच गोळ्याला, वीज आणखी अडावी असं, रोज ग्रीस फासत होतो मीच.

ताईने काचेतून विचारलं, “झालं का? अजून दाबून धरू?”

“धर अजून,” मी म्हटलं.

या वहीची सगळी पानं वाचून काढली. जगातला प्रत्येक माणूस मूर्ख आहे, असं प्रत्येक पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे. एकही चूक नाही लेखनात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

भावोजींना न सांगता कचेरीत त्यांच्या आधी पोचलो. साहेब फाइल वाचत होते. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली, यादी ठेवली, आणि रंगाच्या खपल्या एका पुडीत बांधून नेल्या होत्या, त्याही ठेवल्या.

“हे काय आहे?”

“प्लग लावलेला होता, साहेब. मी लावला होता. भावोजी खोटं बोलले.”

“खोटं कशासाठी बोलतील? स्वतःच्याच अंगावर?”

याचं उत्तर मला शनिवारपर्यंत माहीत नव्हतं. म्हणालो, “माझ्यासाठी. ट्रेलर मी रंगवला. आर्थ रंगाखाली गेला. वायरमनने लिहून दिलं होतं, पाच दिवस आधी. मी ते भावोजींना दाखवलं नाही.”

साहेबांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. “हे लाल कुणी केलंय?”

“मी.”

“‘अर्थ’ तुम्ही केलंत?”

“हो.”

त्यांनी दातांत ओठ धरला. मला वाटलं, आता हसतील. हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “त्या बाईंचा हात मोडलाय.”

“हो साहेब.”

तेवढ्यात भावोजी दारात आले. आज दोन्ही चपला त्यांच्याच होत्या. मला बघून म्हणाले, “तू इथे काय करतोयस?” मग टेबलावरची पुडी बघितली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

लायसन्स परत मिळालं. भावोजींना खोट्या जबानीबद्दल लेखी समज आणि दंड. दुरुस्ती करून, वायरमनचा दाखला घेऊन तपासणी होईपर्यंत ट्रेलर बंद. कारखान्याच्या मालकाला भावोजींनी तिथूनच सगळं सांगितलं, माझ्यासमोर, काही न लपवता. पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही. भावोजी फोन ठेवून म्हणाले, “महिना पुन्हा पहिल्यापासून मोजणार म्हणतोय.”

शेजाऱ्यांनी कचेरीपर्यंत आणलेली पिकअप येताना भावोजीच चालवत होते. मग मी विचारलं, “भावोजी, पिळाने आवाज का थांबतो?”

“सपाट असला की वाऱ्यात फडफडतो. पीळ दिला की वाऱ्याला धरायला काही राहत नाही.” गिअर बदलून म्हणाले, “तुला सांगायला हवं होतं. मलाही नीट सांगता येत नाही रे.”

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नर्सबाईंकडे गेलो. जे साहेबांना सांगितलं तेच त्यांना सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, “माफ केलं असं मी म्हणणार नाही. सहा आठवडे झाल्यावर विचारा.”

सहा आठवड्यांनी विचारणार. तारीख यादीत लिहिली आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वायरमन दाखला द्यायला आला. तोंडात काडी. मी माफी मागायला वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते न म्हणता त्याला पांढऱ्या वायरीपाशी नेलं. तो वाकून बोल्टाकडे बघत बसला.

बोल्टाभोवती बोटभर जागा मी उघडी ठेवली आहे, तिथे घट्ट आवळल्यावर वरून फक्त ग्रीस, गंज धरू नये म्हणून. शेजारी निळ्यावर पांढऱ्या रंगात, बारीक ब्रशाने, दोन ओळी लिहिल्या आहेत. सहा वर्षांत इतका वेळ मी कुठल्या बोर्डाला दिला नव्हता :

आर्थ.
येथे रंग लावू नये.

वायरमनने पहिल्या शब्दावरून बोट फिरवलं. काडी तोंडातून काढली.

“बरोबर लिहिलंय,” म्हणाला.